ताणावरची बाग

माझ्या चित्रांत माणूस नसतो, ही तक्रार ऐकून ऐकून मी कंटाळलो आहे. प्रदर्शन कुठंही असो, कुणीतरी हात मागे बांधून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातो, परत येतो आणि विचारतो, "सर, झाडं सुरेख आहेत, पण माणसं कुठं गेली?" मी म्हणतो, जेवायला गेलीत. लोक हसतात आणि पुढचा प्रश्न काढतात. तो ठरलेला असतो, स्फूर्तीचा. निसर्गातून मिळते, असं उत्तर त्यांना हवं असतं आणि मी ते देऊनही टाकतो. आता गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत. खरं सांगायला बसलो तर सगळ्यांचा चहा गार होईल.

खरं एवढंच आहे, की घरातलं माणूस गेलं की मी झाडाकडे बघायला लागतो. ही खोड लहानपणची. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नागपूरच्या महाल भागात आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागच्या अंगणात एक कडुनिंब. बायका रडत होत्या, वडील गिरणीतून आले तसे दाराशी बसून राहिले होते. माझ्याकडे बघायचं कुणाला सुचलं नाही, आणि मला कुणाकडे बघवेना. मी मागे जाऊन निंबासमोर बसलो. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत बसलो, आणि मग चुलीतला कोळसा आणून फरशीवर तो निंब काढला. शेजारच्या काकू सगळ्यांना सांगत होत्या, "पोरगं शहाणं आहे गा, रडलं नाही." तेव्हापासून मी शहाणाच राहिलो.

पुढे एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. आठवडाभर पोरांकडून फुलदाण्या आणि पेरू काढून घ्यायचे आणि रविवारी सायकलला पेटी अडकवून अंबाझरीला नाहीतर सेमिनरी हिल्सला जायचं. एकोणीसशे साठच्या एकदोन वर्षं पुढे लग्न झालं. बायको नरखेड तालुक्यातली, संत्र्याच्या बागवाल्याची लेक. तिला बोलायला माणूस लागायचा. मी तलावाच्या काठी रंग कालवत बसलो की ती भुईमुगाच्या शेंगा फोडत येणाऱ्याजाणाऱ्याला कुठले, कोण, पोरंबाळं किती ते विचारायची. मला त्याचा राग यायचा. मी एकदोनदा तिला चारचौघांत गप्प केलं. आता त्या आवाजासाठी काय वाटेल ते दिलं असतं, असं लिहायला सोपं आहे, आणि खोटंही नाही.

आमची मुलगी सहा वर्षांची असताना बायको काविळीनं गेली. भाद्रपदात आजारी पडली आणि नवरात्र बसायच्या आत संपलं सगळं. तेरवी झाल्यावर सासूबाई मुलीचे चार फ्रॉक पिशवीत घालत म्हणाल्या, "तुमी दिवसभर शाळेत. हिची वेणी कोन घालन? राहू द्या आमच्यापाशी काही दिवस." मी हो म्हटलं. उन्हाळ्याच्या सुटीनंतर, शाळा सुरू व्हायच्या वेळी, मी तिला परत नागपूरला आणायचं, असं ठरलं. मुलीलाही तसंच सांगितलं होतं. तिनं बोटांवर महिने मोजले आणि विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हटलं.

मग दर रविवारी मी जायला लागलो. सकाळच्या एस्टीनं काटोल, तिथं गाडी बदलायची, फाट्यावर उतरून मैलभर चालायचं. मुलीला भेटायला जातो असं मी शाळेत सांगत असे. पण खांद्याला रंगाची पेटी असायची, हेही खरंच. तिच्याशी काय बोलावं ते मला कळत नसे. आंघोळ केली का, जेवलीस का, शाळेत काय शिकवलं, एवढं झालं की माझं संपलं. मग मी बागेच्या कडेला स्टूल टाकून बसे आणि ती आसपास कुठंतरी असे.

पौषात एका रविवारी गेलो आणि बाग पाहून बांधावरच थांबलो. पानं वळून पुंगळ्या झाली होती. बुंध्यांभोवतीची माती खणून मुळं उघडी टाकलेली. विहिरीवरचं इंजन बंद. मी वाकून पाहिलं, विहिरीत पाणी होतं, चांगलं पुरुषभर होतं. म्हणजे पाणी असून दिलेलं नव्हतं. सासरे बांधावर डोक्याला हात लावून बसले होते. मला पाहून "आले का?" एवढंच म्हणाले. मी पुढं काही विचारलं नाही. ज्या घरातली लेक जाऊन चार महिने झालेत, तिथं जावयानं कोणत्या तोंडानं विचारावं, की बाग का मरू देताय? मला वाटलं, मला समजलं. म्हाताऱ्यानं लेकीमागे बाग सोडली. मी काही करू शकलो नव्हतो, त्यानं निदान एवढं तरी केलं, असंही वाटलं. मला त्याचा हेवा वाटला.

मी पेटी उघडली. तिसऱ्या झाडाच्या बुंध्याला टेकून मुलगी बसली होती. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यांवर, नजर खाली मातीत. खांदे जरा उचललेले. झाडाची वळलेली पानं आणि तिचे ते खांदे, असं जुळून आलं होतं की मी लगेच कोळसा हातात घेतला. मी रेखाटन करत गेलो. दोन तास ती हलली नाही. एकदा वाटलं, हाक मारावी. पण हाक मारली असती तर ती उठली असती आणि चित्र मोडलं असतं. मी हाक मारली नाही.

असे तीन रविवार गेले. तिन्ही रविवारी ती आपण होऊन तिथंच येऊन बसली. मला वाटलं, माझ्यासाठी बसते आहे, चित्रकाराची लेक आहे. जाताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवत असे आणि पाच वाजताची एस्टी गाठत असे.

नागपूरला येऊन मी ते तैलरंगात मोठं केलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. नाव दिलं 'लेकीमागे'. फेब्रुवारीत नागपुरातल्याच एका प्रदर्शनात ते लागलं आणि पहिलं आलं. पेपरवाला आला. त्याला मी सगळं सांगितलं, लेक गेली म्हणून बापानं पाणी तोडलं, बाग वाळवली. सांगताना मी आवाज खाली आणला होता, हे आठवलं की आजही कान गरम होतात. दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं.

पेपर संत्र्याच्या गाड्यांबरोबर त्या गावापर्यंत पोचतो हे माझ्या ध्यानात नव्हतं. चहाच्या टपरीवर कुणीतरी मोठ्यानं वाचला. लोक सासऱ्यांना विचारायला लागले, "पाटील, बाग मेली म्हने तुमची? कालच तं फुलाचा वास येऊन राहिला होता."

आणि सासरे प्रदर्शनात आले. धोतर, टोपी, हातात काठी आणि बोट धरून माझी मुलगी. हॉलमध्ये रविवारची गर्दी होती. ते चित्रासमोर उभे राहिले. चष्मा पुसून परत लावला. मला वाटलं, आता रडतील.

"बाग मेली असं कोनं सांगतलं तुमाले, जवाईबुवा?"

"पाणी तोडलं होतं ना तुम्ही, मामाजी. विहिरीत पाणी होतं तरी."

"ताणावर होती बाग."

"ताणावर म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भात कशाचा करतात असं विचारलं होतं. "आंबिया बहार घ्याचा असला का पानी तोडा लागते. महिना, दीड महिना. पानं वळतात, काही गळतात. मंग खत-माती करून पानी देल्लं का फुलावर येते झाड. दरसाल करतो. माह्या बापानं केलं, त्याच्या बापानं केलं. आठ वर्सं झाले जवाई होऊन, तुमाले ताण ठाव नाई?"

मला खरंच ठाऊक नव्हता. जावई दिवाळीला जातो, पाटावर बसतो, चार घास जास्तीचे खातो. त्याला बागेत नेतात ते फळं लगडलेली असताना, नाहीतर फुलांचा घमघमाट सुटलेला असताना. सुकलेली बाग दाखवायला पाहुण्याला कोण नेतं? आणि त्या वर्षी मी तिथं दर रविवारी होतो, तर मला सांगायची गरज आहे असं कुणाला वाटलं नाही. मीही विचारलं नाही. मी आपला मनानं सगळं ठरवून मोकळा.

"लेक गेली म्हून बाग वाळवाले मी काय सिनेमातला मानूस हाव का?" सासरे म्हणाले. "लेक गेली तं गेली. बागेनं काय केलं होतं?"

आजूबाजूचे हसले. हसणारच. मग त्यांनाच माझी दया आली असावी. काठीनं एक फांदी दाखवून म्हणाले, "पान मात्र बराबर वळवलं. ताणावरचं पान असंच वळते."

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "आणि ही मुलगी! कशी रडते आहे बिचारी."

"रडन कायले?" सासरे चटकन म्हणाले. ते दुखावले होते, ते मला तेव्हा दिसलं. त्यांच्या घरी नात रडते असं कुणी म्हणणं त्यांना लागलं. "घरी तं उड्या मारते. मुंगळे पाहत असन. काहून वं, मुंगळेच पाहून राहिली होती ना?"

मुलीनं आजोबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हो. मुंगळे."

संध्याकाळच्या गाडीनं ते दोघं परत गेले. मी एस्टी स्टँडवर पोचवायला गेलो, मुलीला खिडकीशी बसवलं, संत्र्याच्या गोळ्यांची पुडी दिली. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून माझ्याकडेच बघत होती. मी सासऱ्यांची माफी मागण्यात गुंतलो होतो.

प्रदर्शन संपल्यावर चित्र घरी आणलं. झाडांना हात लावण्यासारखं काही नव्हतं, पानं बरोबर आहेत अशी खुद्द बागवाल्यानं ग्वाही दिली होती. चूक होती ती मुलीची. पोर मुंगळे बघते आहे आणि बाप तिच्या खांद्यांवर स्वतःचं दुःख लादून बक्षीस घेतो आहे. मला माझी इतकी शरम वाटली, की पातं घेऊन मी तिला खरवडून काढली. आधी चेहरा, मग खांदे, मग पाय. त्या जागी बुंधा पुढे ओढला, माती केली. एका दुपारचं काम. त्यानंतर मी चित्रात माणूस काढला नाही. ज्याला बाग ओळखता येत नाही त्यानं माणसाच्या वाटेला जाऊ नये, असं मी स्वतःला बजावलं आणि त्यात मला मोठा शहाणपणा वाटला.

त्या शहाणपणातच जून आला. ती तिथं उड्या मारते, आजीआजोबा जीव लावतात, शाळा जवळ आहे, इथं दोन खोल्यांत माझ्याबरोबर तिनं काय करावं? मी सासऱ्यांना पत्र लिहिलं, की तिचं मन तिथं रमलं आहे तर राहू द्यावी. ते टाकून पोस्टातून बाहेर आलो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. तिचे डोळे तिच्या आईचे होते, आणि रोज सकाळी त्यांच्यासमोर चहा प्यायची माझी हिंमत नव्हती. हे कारण होतं. बाकी शाळा आणि वेणी सगळं नंतर जमवलेलं.

दर रविवारचं जाणं महिन्यातून दोनदा झालं, मग सणावारी. माझं नाव मात्र झालं. संत्र्याच्या बागांचा चित्रकार म्हणून मला लोक ओळखायला लागले. फुलावरची बाग, फळावरची बाग, ताणावरची बाग. आता सगळे हंगाम मला ठाऊक होते, साल नखानं खरवडून आतला हिरवा बघायलाही शिकलो होतो. मुलगी त्या गावची होऊन वाढली, तिथलंच बोलायला लागली. मी गेलो की खुर्ची पुसून ठेवायची, पाण्याचा तांब्या आणायची, पाटवड्यांची भाजी करायची आणि मी जेवत असताना वाढायला समोर उभी राहायची. मला "तुमी" म्हणायची. पाहुण्याचं जेवढं करायचं तेवढं सगळं ती नीट करायची. मला ते कळत होतं. कळूनही मी दुसरी भाकर मागून घ्यायचो.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला तिचं लग्न ठरलं. मुलगा परतवाड्याकडचा, बागाईतदारच. सगळं आजोबांनी ठरवलं, मला तारीख कळवली. मी दोन दिवस आधी गेलो. दारात मांडव पडला होता. सकाळी तिला हळद लागली, बायकांनी गाणी म्हटली, आणि दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर ती हळदीच्याच लुगड्यात, हातात कांकणं, माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. अशी आपण होऊन ती कधी बसत नसे. समोर बाग दिसत होती. 

मग ती म्हणाली, "बाबा, ते चित्र आहे का अजून? मले द्या न. सासरी नेईन म्हनते मी."

"आहे," मी म्हटलं. "पण त्यात तू नाहीस. मी काढून टाकलं तुला."

"काहून?"

"चूक झाली होती माझी. तू मुंगळे बघत होतीस. मी तुला रडताना काढलं."

ती हातातली कांकणं फिरवत राहिली. "चूक नव्हती," ती म्हणाली. "रडतच होती मी."

मी तिच्याकडे बघितलं.

"त्या दिवशी सकाळपासून मले आईचा आवाज आठवून नव्हता राहिला. तोंड आठवे, आवाज नाई आठवे. आजीले विचारलं तं आजीच रडाले लागली. मंग मी झाडाखाली जाऊन बसली. तुमी आले, समोर बसले. मले वाटलं, बाबाले विचारीन, आई कशी बोले. तुमी माह्याकडेच पाहून राहिले होते. मले वाटे, आता उठान, आता उठान. मंग दुसऱ्या ऐतवारी बी तिथंच बसली. तिसऱ्या बी."

"मग तिथं, हॉलमध्ये, का नाही सांगितलंस?"

"आबाले वाईट वाटलं असतं न. आन् तुमाले सगळे हासून राहिले होते." ती बागेकडे बघायला लागली. "मले वाटलं, स्टँडवर तरी विचारान. गाडी निघेपर्यंत वाटलं."

माझ्या आयुष्यातलं एकच चित्र बरोबर आलं होतं. त्या चित्रात मी जे पाहिलं ते अगदी खरं होतं, खांद्यांपर्यंत खरं होतं. ते मी पात्यानं काढून टाकलं आणि ज्या झाडांविषयी मला काडीचं कळत नव्हतं ती ठेवली. आणि तिला आजोळी ठेवली. तेरा वर्षं.

मला तिच्यासमोर रडू आलं. आई गेली तेव्हा नाही, बायको गेली तेव्हा नाही, त्या दुपारी ओट्यावर आलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात बाईमाणसाचा झाला होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. जे एका जूनमध्ये म्हणायचं होतं ते माझ्या तोंडून तेव्हा निघालं. वेड्यासारखं, मांडवात, लग्नाला दोन दिवस असताना.

"चल," मी म्हटलं, "नागपूरला चल. घरी. दोन दिवस तरी राहा माझ्यापाशी. सकाळी परत आणून सोडतो, नाहीतर परवा. आईचं सगळं सांगतो तुला. कशी बोलायची, काय म्हणायची, सगळं सांगतो."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. हळद लागलेली नवरी गावाची वेस ओलांडत नाही, हे एवढं तरी मला ठाऊक असायला हवं होतं.

"आता नाई जमत, बाबा," ती म्हणाली. "हळद लागली न."